राकेशच्या पट्ट्याचं बक्कल

हिंगणघाटात हरिदासची वाद्यं दुरुस्त करायची टपरी आहे. पेटी, ढोलकी, बँजो, काहीही आणा. पण माणूस महाखडूस! कोणी म्हटलं, "काका, लवकर द्या," की हा म्हणणार, "मंग दुसरीकडं ने." अन् काम हाती देताना असं घासूनपुसून देणार, की गिऱ्हाइकालाच शंका यावी, वाद्य आपलंच ना! हाताला सवयच तशी. त्या सवयीनंच शेवटी त्याचा घात केला.

त्याचा मुलगा राकेश भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवायचा. पोरगा ताडमाड उंच, अन् गिटार पार कमरेखाली लोंबती ठेवायचा. हरिदास ओरडायचा, "अबे, पट्टा वर घे ना! गिटार वाजवून राह्यला का ढोरं हाकून राह्यला?" राकेश नुसता हसायचा. बक्कल काही हलवायचा नाही. घामानं ते त्याच जागी गंजून बसलं. मागच्या वर्षी सेलूचा कार्यक्रम आटोपून मोटारसायकलवर येताना ट्रकनं त्याला उडवलं. गिटार पार्टीच्या गाडीत होती. ती साबूत घरी आली, पोरगा आला नाही.

तेव्हापासून हरिदास त्या गिटारला लेकरासारखं जपू लागला. पट्टा अडकवायची बुडाची गुंडी ढिली झाली, तर छिद्रात आगपेटीची काडी फेविकॉल लावून ठोकली अन् स्क्रू पुन्हा कसला. पट्ट्याच्या टोकांचं चामडं तेल लावून मऊ केलं. बक्कलाला मात्र त्यानं कधी हात लावला नाही. राकेशच्या अंगाचं माप तेवढंच घरात उरलं होतं.

एप्रिल आला. पार्टीतली आचल दारात येऊन उभी राहिली. "काकाजी, जयंतीले राकेशदादाची गिटार देता का? त्याचंच गाणं वाजवतो मी."

हरिदासनं तोंड फिरवलं. आतून तानाबाई कडाडली, "देऊन टाका! जयंतीच्या दिवशी माह्या पोराचं वाद्य मुकं नाई राह्यलं पाह्यजे." बायकोपुढं कोणाचं चाललंय?

आचल पडली बुटकी. गिटार तिच्या गुडघ्याशी आली. बक्कल सरकवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. हरिदासनं मशीनच्या तेलाचे थेंब सोडले, जरा थांबला अन् अंगठ्यानं रेटलं. वाटलं होतं, अडेल, झगडेल. कसलं काय! सुळकन सरकलं.

निळ्या कापडी पट्ट्यावर जुन्या जागी गंजाचा डाग उमटला होता, वळही पडला होता. हात थांबतो कुठला! लिंबू-मीठ चोळून त्यानं डाग काढला, ओलं फडकं टाकून वळावर इस्त्री फिरवली. पट्टा कोरा करकरीत झाला. "घे, बाई," तो म्हणाला. "आता नवा दिसते."

आचलनं झकास वाजवलं. सारा चौक डोलला. तानाबाई पोटभर रडली, अन् हरिदासला वाटलं, बरं झालं दिली.

दुसऱ्या दिवशी गिटार परत आली. हरिदासनं बक्कल खाली सरकवायला घेतलं अन् थिजला. कुठवर? पट्टा इथून तिथून साफ. त्यानं तो उन्हात धरला, नखानं चाचपला. काहीच नाही. मोबाईलमधले जुने फोटो उघडून पाहिले. सगळ्यांत राकेश छातीपर्यंतच, समोर बघून हसतोय, बक्कल पाठीमागं.

"अवं, इकडं ये बरं लवकर!"

तानाबाई कणकेच्या हातानं धावत आली. हरिदासनं पट्ट्यासकट गिटार स्वतःच्या गळ्यात घातली होती. "पाह्य. त्याची इथलोक यायची ना?"

"नाई. आखीन खाली."

त्यानं सरकवलं. "आता?"

"जराशी वर घ्या. नाई, खालीच... तो तुमच्याहून उंच होता ना हो. मले नाई आठवून राह्यलं!"

ती तिथंच भुईवर बसली. हरिदास बक्कल वर न्यायचा, खाली आणायचा. तेल प्यालेलं बक्कल आता जिथं ठेवावं तिथं मुकाट राहायचं.

"सांग ना रे बापा," तो रडत म्हणाला, "कुठं ठेवू?"