तुओवीचा टेबलक्लॉथ

राकेल वेइकोलाने तुर्कू-स्टॉकहोम जहाजावर एकोणतीस वर्षं खोल्या साफ केल्या, पण समुद्र काही तिच्या वाट्याला आला नाही. तिच्या खोल्या पाण्याच्या पातळीखाली. तिथे खिडकी कुठली! शनिवारी पाचच्या सुमारास जहाज बेटांमधून परत यायचं, तेव्हा ही चादरी ओढत असायची. त्याच वेळी तिची थोरली बहीण तुओवी आपल्या बेटाच्या खडकावर उभी राहून, झाडूला बांधलेला पांढरा टेबलक्लॉथ हलवायची. मग फोनवर विचारायची, "दिसले का गं?"

"दिसलीस की!" राकेल म्हणायची. एकदा खोटं बोललं की ते निभवावं लागतं, आणि हिने ते एकोणतीस वर्षं निभावलं.

आता राकेल निवृत्त झाली होती आणि एक्याऐंशी वर्षांची तुओवी सोमवारी बेट सोडून शहरातल्या वृद्धाश्रमात जाणार होती. म्हणून शुक्रवारी राकेलने पहिल्यांदाच प्रवाशाचं तिकीट काढलं. स्टॉकहोमला जायचं, न उतरता परत यायचं आणि शनिवारी पाचला बहिणीला एकदा डोळे भरून बघायचं.

शनिवारी चारला कोट चढवून ती वर निघाली, तर वाटेत तिची जुनी सोबतीण सेइया एकटीच चादरींच्या ढिगात बुडालेली. कामावरची एक मुलगी आजारी पडली होती.

"या, प्रवासी बाईसाहेब! हात खिशात ठेव हं, नाहीतर पगार मागशील."

पण राकेलचे हात शिवशिवायला लागले होते. "दोनच पलंग करते," ती म्हणाली. जित्याची खोड! भानावर आली तेव्हा अकरा खोल्या झाल्या होत्या आणि घड्याळात पाच वीस. धावत वर गेली, तर मागे नुसता फेस. एवढी मोठी बाई, कठड्याला धरून ढसाढसा रडली.

तेवढ्यात फोन वाजला. "दिसले का गं?"

"दिसलीस की," सवयीने तोंडातून निघून गेलं. मग तिने स्वतःलाच दोन शिव्या घातल्या. "तुओवी, उद्याही उभी राहशील? मी घरी जातच नाही. याच जहाजाने परत जाते आणि परत येते."

"डोकं फिरलंय तुझं," तुओवी म्हणाली. "राहीन उभी."

तुर्कूला नवं तिकीट देताना काउंटरवरची पोरगी म्हणाली, "पण तुम्ही आत्ताच आलात ना?" राकेलने तिकीट खिशात घातलं.

रविवारी तीनपासून ती वरच्या डेकवर उभी. सेइयाने दम भरला होता, "खाली फिरकलीस तर बघ!" आणि मग बेटं सुरू झाली. शेकडो बेटं, तांबूस खडकांची, पाइनच्या झाडांची. काही इतकी जवळ की दोरीवरचे टॉवेल मोजावेत. सौनांचा, त्या वाफेच्या न्हाणीघरांचा, धूर वाऱ्यावर येत होता. बारा मजल्यांचं ते धूड त्या चिंचोळ्या पाण्यातून किती अलगद चाललं होतं! एवढं सगळं रोज आपल्या डोक्यावरून जात होतं आणि आपण खाली उशांना अभ्रे घालत होतो!

पाचला जहाज वळलं आणि लांबवर पांढरा ठिपका हलू लागला. इतक्या लांबून? राकेलला वाटायचं, बहीण जहाज समोर आल्यावर दोन-चार वेळा कापड हलवत असेल आणि घरी जात असेल. पण तो ठिपका थांबेना. मोठा झाला, त्याची तुओवी झाली. तिने झाडू या हातातून त्या हातात घेतला, खाली टेकवला, दम खाल्ला, पुन्हा उचलला. राकेलने गळ्यातला स्कार्फ सोडून हलवला, हाका मारल्या, पण वारा त्या कुठच्या कुठे घेऊन गेला. जहाज पुढे गेलं तरी मागे कापड हलतच होतं. राकेलने घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं. दर शनिवारी अकरा मिनिटं!

या वेळी फोन तिनेच लावला. "तुओवी, आज दिसलीस. आज पहिल्यांदा. आधीचं सगळं खोटं होतं गं."

पलीकडे धाप लागलेली होती. "माहीत आहे. खालच्या खोल्यांना खिडक्या नसतात, हे पहिल्याच वर्षी दुकानातल्या बाईने सांगितलं होतं मला."

"मग विचारायचीस कशाला?"

"तू काय म्हणतेस ते ऐकायला. छान खोटं बोलायचीस."

"आणि एवढी वर्षं हात कशाला मोडून घेतलेस?"

"अगं," तुओवी म्हणाली, "आत तू होतीस ना."