राणेवहिनींचं खळं

साळवींनी नवीकोरी स्कूटर घेतली, तिला झेंडूचा हार घातला, कॉलनीभर पेढे वाटले आणि मधल्या मैदानात उंबराच्या सावलीला ती लावून ते जेवायला वर गेले. ताक पिऊन खाली येतात तर स्कूटर हँडलपासून चाकापर्यंत शेणाने सारवलेली. सीटवर हाताचे फराटे अगदी एकसारखे, एखाद्या चांगल्या घरच्या अंगणात असतात तसे. शेजारी रिकामी बादली घेऊन राणेवहिनी उभ्या होत्या, कोपरापर्यंत हात बरबटलेले. साळवी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी आवाज चढवला. वहिनींनी तो पूर्ण चढू दिला आणि मग म्हणाल्या, "खळ्यात दिसलं ते सारवलं. आमच्याकडे सारवताना मध्ये काय आलंय ते बघत नाहीत."

हे आठवलं की मला आजही हसू येतं, आणि हसता हसता संताप येतो. कारण त्या दिवशी सगळी कॉलनी साळवींच्या बाजूने उभी राहिली. बाई माथेफिरू आहे, नवऱ्याने आवरायला हवं, शेण तबेल्यातून आणलं म्हणजे आधीपासून कट होता, असं ज्याच्या त्याच्या तोंडी. स्कूटर दोन बादल्या पाण्यात लख्ख झाली. मैदान गेलं असतं तर ते कशाने धुऊन परत मिळणार होतं, हा प्रश्न एकालाही पडला नाही.

आमची कॉलनी मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या अलीकडे. सात इमारती एकमेकींना इतक्या खेटून बांधलेल्या की समोरच्यांनी भाजीला फोडणी कशाची दिली ते आमच्या ओट्यापाशी कळे. खिडकीतून हात बाहेर काढला तर दुसऱ्याच्या खिडकीतला टॉवेल ओढता आला असता. ही दाटी उगीच नव्हती. इमारती कडेला दाटीने बांधायच्या आणि त्या बदल्यात मधली जागा कायमची मोकळी ठेवायची, या अटीवरच महापालिकेने नकाशा मंजूर केला होता. म्हणजे आमच्या घरात जो उजेड कमी पडला, जो वारा आला नाही, त्याची भरपाई ते मैदान होतं. आम्ही ते अंधारात बसून कमावलं होतं. पण फुकट मिळालंय असं समजून जो तो त्याचा लचका तोडायला टपलेला. एकाला तिथे गॅरेज हवं, दुसऱ्याला पिठाची गिरणी, तिसऱ्याला बायकोच्या बालवाडीसाठी पत्र्याची शेड. सगळे म्हणायचे, "जागा रिकामीच तर आहे."

या वाक्यावर वहिनी पेटायच्या. "मोकळी आहे. रिकामी नाही," त्या म्हणत. त्या मूळच्या कुडाळकडच्या. तिकडे घरापुढच्या अंगणाला खळं म्हणतात. पावसाळा सरला की ते उकरायचं, पाणी मारायचं, लाकडी चोपण्यांनी चोपून गुळगुळीत करायचं आणि सारवायचं. तिथे भात झोडतात, लग्नं लावतात, माणूस गेलं तर तिथेच निजवतात. पण कायमचं काही ठेवत नाहीत. वहिनींनी हे सगळं उचलून मुलुंडला आणलं. दिवाळीच्या आधीच्या रविवारी त्या सकाळीच मैदानात उभ्या राहून एकेका खिडकीकडे बघून हाका मारायच्या. जो उतरणार नाही त्याचं नाव, तो कोणत्या कुशीवर झोपलाय याच्यासकट. लोक शिव्या घालत उतरायचे, गवत उपटायचे, खड्डे बुजवायचे, माती चोपायचे. दुपारपर्यंत ते मैदान असं दिसायचं की चप्पल घालून जायला जीव होत नसे.

आणि नुसत्या मनाई करणाऱ्याही त्या नव्हत्या. पापड-कुरडया घाला, मुलांनो क्रिकेट खेळा, लग्नाचा मांडव घाला, गणपती बसवा. फक्त काम झालं की उचला. "वाळवण चालेल, वस्ती चालणार नाही," हा त्यांचा कायदा. स्वतःच्या मुलीच्या लग्नाचा मांडव त्यांनी वरात वळणावर पोचायच्या आत सोडायला लावला होता. राणे बिचारे डोळे पुसायला उभे होते, त्यांच्या हातात बांबू दिला.

नोकरी त्यांची टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, ऑपरेटरची. ट्रंक कॉल लावताना त्यांचा आवाज इतका गोड यायचा की एकदा मी साताऱ्याला फोन लावला तेव्हा ओळखलंच नाही. मी घाटावरची, त्या कोकणातल्या. दार मात्र समोरासमोर. त्यांना मी एकदा विचारलं की तो आवाज घरी का वापरत नाही. त्या म्हणाल्या, "त्या आवाजाचा पगार मिळतो गं. फुकट कोण गोड बोलणार?"

चौऱ्याऐंशीच्या सुमाराला बातमी आली की ज्या बिल्डरने आमच्या इमारती बांधल्या तो मैदानात आठवी इमारत उठवणार. जमीन अजून त्याच्याच नावावर होती. ती सोसायटीच्या नावावर करून घ्यायचं काम आमच्या कमिटीने वर्षानुवर्षं लांबवलेलं. उपाय साधा होता. वकील गाठायचा, महापालिकेत खेटे घालायचे, मंजूर नकाशा पुढे करून भांडायचं. कंटाळवाणा उपाय. साळवींनी सभेत दुसरा काढला. म्हणाले, मैदानात देव बसवू. एकदा देव बसला की बिल्डरचा बाप आला तरी हात लावणार नाही.

टाळ्या पडल्या. वहिनी उठल्या. रागात त्यांची मुंबईची भाषा गळून पडायची आणि खालून मालवणी वर यायची. "बिल्डरचो बापूस सोड. उद्या तुझो बापूस इलो तरी देव थंयसून उठाचो नाय," त्या म्हणाल्या. मग सगळ्यांना कळेल असं म्हणाल्या, "तुम्हाला रांगेत उभं राहायचा कंटाळा, म्हणून देवाला उभा करताय."

हात वर झाले. विरोधात त्या आणि मी. बाकी सगळी शिकलेली, कामाला जाणारी, पेपर वाचणारी माणसं देवाला वॉचमन म्हणून नेमून घरी गेली. मी देव मानते. म्हणूनच मला त्या सभेची अजून चीड येते.

खाडीकडून एक बरा काळा दगड आणला, शेंदूर फासला आणि उंबराखाली बसवला. बिल्डर खरंच गप्प बसला. साळवींची छाती फुगली. पण देव उन्हात, म्हणून वर पत्रा आला. खाली चिखल, म्हणून ओटा आला. ओट्यावर कुत्री बसतात, म्हणून लोखंडी जाळी आली. घंटा आली, पाठोपाठ पुजारी आला, पुजाऱ्याला टेकायला खोली हवी म्हणून विटा येऊन पडल्या. मग एका संध्याकाळी मुलांचा चेंडू जाळीवर आदळला आणि पुजाऱ्याने तो परत दिला नाही. पुढल्या आठवड्यात पाटी लागली, येथे खेळण्यास सक्त मनाई आहे. बिल्डरने जागा घेऊ नये म्हणून बसवलेल्या देवाच्या नावाने आम्ही आमच्याच पोरांना मैदानाबाहेर काढलं. पोरं दोन इमारतींमधल्या बोळात, गटाराच्या झाकणावर खेळायला लागली. याला काय म्हणावं? बिल्डर निदान फ्लॅट तरी बांधणार होता.

वहिनी त्या काळात ओरडत नव्हत्या, आणि मला त्याचीच भीती वाटत होती. त्या रोज जाऊन दगडाला फूल वाहून यायच्या. लोक म्हणाले, बाई वठणीवर आली.

देवाला वर्ष झालं तेव्हा साळवींनी मोठी पूजा घातली. सगळी कॉलनी जमली. पूजा झाल्यावर गाऱ्हाणं घालायचं ठरलं होतं. कोकणातली ही रीत मी लग्नानंतर मुंबईत पाहिली. एक जाणता माणूस नारळ घेऊन देवापुढे उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीने देवाला मागणं सांगतो, आणि प्रत्येक मागण्याला बाकीचे एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात. कॉलनीत निम्मी घरं रत्नागिरी-मालवणकडची; लहानपणापासून ओठावर बसलेलं. गाऱ्हाणं पुरुषच घालतात. पण ज्यांनी घालायचं ते दळवी आजोबा दम्याने बेजार, आणि कुणी काही बोलायच्या आत वहिनी नारळ घेऊन पुढे झाल्या. काठापदराची साडी, नाकात नथ, आणि आवाज एक्स्चेंजमधला.

"बा देवा म्हाराजा," त्यांनी सुरुवात केली. "आज सात इमारतींची तुझी लेकरां तुझ्या पायाशी उभी आसत."

"व्हय म्हाराजा."

"त्यांका सुखी ठेव, पोराबाळांक निरोगी ठेव."

"व्हय म्हाराजा."

"तुका आमी भक्तीन आणलो नाय, बिल्डरच्या भीतीन आणलो."

लोकांचा आवाज जरा फाटला, पण आला. मागच्यांनी सवयीने ओढला आणि पुढचे त्यात वाहून गेले. "व्हय म्हाराजा."

"तुझ्या नावान आमी पोरांची जागा खाल्ली. ह्यो आमचो अपराध, तुझो न्हय. तो पदरात घे."

"व्हय म्हाराजा." या वेळी मुलांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"तर आता ह्या उन्हातान्हातसून उठ आणि माझ्या घराक चल. आणि हंय परत कोणाक वीट रचूची बुद्धी झाली, तर ती बुद्धी थंयच्या थंय जाळून टाक."

आणि कॉलनी म्हणाली, "व्हय म्हाराजा."

नारळ फुटला. वहिनींनी जाळीचं दार उघडलं, दगड उचलून परातीत घेतला, वर पदर धरला आणि चालायला लागल्या. साळवींना तेव्हा कुठे उमगलं. ते आडवे आले, ही फसवणूक आहे, कुणाला विचारून देव नेताय, म्हणाले. वहिनी थांबल्या. "देवासमोर व्हय म्हटलंस मा? मग आता माका कित्या इचारतंस? त्याका इचार," असं म्हणून त्यांनी परात साळवींच्या पुढे धरली. साळवी बाजूला झाले. ते राजापूरचे. गाऱ्हाण्यात दिलेला शब्द फिरवायची त्यांची छाती नव्हती, कुणाचीच नव्हती. पुजारी महिन्याभरात गेला, ओटा आमच्याच लोकांनी फोडला. आता बिल्डरला अडवायला देव उरला नाही म्हटल्यावर कमिटी झक मारत कचेऱ्यांच्या रांगेत उभी राहिली, आणि खेटे घालघालून जमीन सोसायटीच्या नावावर झाली. जे आधीच करता आलं असतं.

इथे गोष्ट गोड व्हायला हवी होती. झाली नाही. त्याच वर्षी राणे गेले, झोपेतच. त्यांना खाली आणून मैदानात ठेवलं होतं आणि मी माझ्या कानांनी ऐकलं, पाठीमागे कुजबुज चालली होती, देव हलवला, भोवलं. ज्या बाईने यांच्या पोरांना खेळायला जागा ठेवली तिच्या नवऱ्याचं प्रेत समोर असताना. मी वळून त्या बायकांना काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दिवसकार्य झाल्यावर वहिनींना मी विचारलं की त्यांनी ते ऐकलं का. ऐकलं होतं. "देव घरातच आहे गं," त्या म्हणाल्या. "मी त्याला विचारलं. तो काही बोलला नाही. माणसंच बोलतात." हळदीकुंकवाला त्यांना बोलावणं थांबलं, ते वैधव्याचं कारण सांगून. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी त्याची तक्रार केली नाही. दिवाळीच्या आधीच्या रविवारी मात्र खिडक्यांकडे बघून हाका मारल्या, आणि तीच माणसं मान खाली घालून माती चोपायला आली.

दशक संपता संपता वहिनी गेल्या. चार दिवस आजारी होत्या, बस्स. शोकसभा मैदानातच झाली, घराघरांतून खुर्च्या आणल्या. साळवी बोलायला उठले आणि रडले. खोटं नव्हतं ते रडणं, हे मला कबूल करायला हवं. मग डोळे पुसून म्हणाले की वहिनींची आठवण राहायला हवी. उंबराखाली एक छोटासा चौथरा बांधू, वर छप्पर, संगमरवरी पाटीवर त्यांचं नाव. म्हाताऱ्या माणसांना बसायला होईल. जागा तशी रिकामीच आहे.

सगळ्यांनी माना डोलावल्या. आभार मानायला कुणीतरी उठतही होतं.

मी आयुष्यात सभेत आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मी म्हणाले, साळवी, खाली बसा. ती बाई जन्मभर तुमच्याशी ज्यासाठी भांडली तेच तुम्ही तिच्या नावाने करणार, आणि वर तिला नमस्कार करणार? एकही वीट इथे येणार नाही. कुणाची हिंमत असेल त्याने आणून दाखवावी.

साळवी खरंच गोंधळले होते. अगदी लहान मुलासारखं त्यांनी विचारलं, "मग वहिनींचं म्हणून इथे काय राहणार?"

"काही नाही," मी म्हणाले. "इथे काही राहणार नाही, तेच त्यांचं."

सभा मोडली. लोक घुटमळत बोलत उभे राहिले, खुर्च्या तशाच टाकून वर जायला निघाले. मी एकेकाला नावाने हाक मारून परत बोलावलं, आणि शेवटची खुर्ची उचलली जाईपर्यंत तिथून हलले नाही.