दिराचा व्हिडिओ आणि पोरींचं मैदान

माझ्या धाकट्या दिराचा व्हिडिओ मी पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या मैदानावर. संध्याकाळी सरावाला गेले, तर माझ्या कबड्डीच्या पोरी एका मोबाईलवर वाकून उभ्या होत्या. मला पाहताच बाजूला झाल्या. एकीने मोबाईल माझ्या हातात दिला.

नारायणगावच्या रस्त्यावर, टोमॅटोचे क्रेट भरलेल्या पिकअपशेजारी माझा दीर एका माणसाला मारत होता. माणूस खाली पडला तरी दिराचा हात थांबत नव्हता. मागून कुणीतरी म्हणत होतं, "आरं, ह्यो तर टीव्हीवरचा कबड्डीवाला!" आणि सोडवायला कुणीच पुढे येत नव्हतं.

मी माहेरची आंबेगाव तालुक्यातली. कॉलेजात असताना कबड्डी खेळायचे. लग्न होऊन डिंगोऱ्याला आले तेव्हा हा दीर शाळेत होता. घरामागच्या रिकाम्या वावरात मी पदर खोचून त्याला घोट्याची पकड शिकवली. सासूबाई रागवायच्या, पण त्याही दारात उभ्या राहून बघायच्या. पुढे तो चढाईत असा तयार झाला की थेट व्यावसायिक लीगमध्ये निवडला गेला. त्याची मॅच असली की गावात पारावर पडदा लागायचा. वेशीवर त्याचा फ्लेक्स लागला. त्या फ्लेक्सकडे बघूनच गावातल्या बापांनी आपल्या पोरी माझ्याकडे कबड्डी शिकायला धाडायला सुरुवात केली, हे मी कधी विसरले नाही.

व्हिडिओ आला त्याच संध्याकाळी पोलीस त्याला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी मी आणि माझे यजमान पोलीस स्टेशनला गेलो. मॅटवर वाघासारखा वावरणारा माणूस बाकड्यावर खांदे पाडून बसला होता.

"वहिनी, त्यानं माझ्या नव्या गाडीला घासलं. वर आईवरनं शिवी दिली," तो म्हणाला.

"मॅचमधी समोरचे काय कमी बोलत्यात का भावजी? तवा कसा हात आवरता?"

"तिथं पंच असतो," तो म्हणाला.

हे ऐकून माझे यजमान उठून बाहेर गेले.

बातमीवाल्या चॅनेलवर दोन दिवस तेच चाललं होतं. त्याचं नाव कमी आणि 'कबड्डीपटूची गुंडगिरी' हेच शब्द जास्त. संघाने त्याला बाहेर काढलं. वेशीवरचा फ्लेक्स एका सकाळी दिसेनासा झाला. कुणी काढला ते आम्ही विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही.

जामिनावर तो घरी आला. गावातली जाणती माणसं म्हणाली, जाऊन माफी मागा, तक्रार मागं घ्यायला सांगा. म्हणून आम्ही नवरा-बायको त्या पिकअपवाल्याच्या घरी गेलो. तो माझ्याच माहेरच्या तालुक्यातला निघाला. त्याचा जबडा तारेने बांधलेला होता. खाटेवर बसून तो वाटीतून नळीने पेज ओढत होता. आम्हाला पाहून त्याने तोंड फिरवलं.

त्याची बायको चुलीपुढून उठली. "तुमच्या दिराची मॅच लागली की ह्ये जेवण सोडून टीव्हीपुढं बसायचे," ती म्हणाली. "शिट्ट्या वाजवायचे. आता तोंड उघडत न्हाई त्यांचं."

माझ्या यजमानांनी हात जोडले. "चुकलं ताई. लई चुकलं."

"तुमचं न्हाई चुकलं, भाऊ. ज्याचं चुकलं त्यो कुठंय?"

दीर घरी दार लावून पडला होता. तक्रारीचा विषय आम्ही काढलाच नाही.

इकडे मैदानावर पोरी कमी होऊ लागल्या. एकीला ताप, एकीला परीक्षा. मग माझ्या सगळ्यात चांगल्या पोरीचा बाप स्वतः आला. त्याने चप्पल मैदानाबाहेर काढली, पोरीला सोडायला यायचा तेव्हा रोज काढायचा तशीच.

"ताई, उद्यापासनं पोरगी येणार न्हाई."

"तिनं काय केलं, भाऊ?"

"तिनं काय न्हाई केलं. पण पावणं बघायला येत्यात. कबड्डी म्हणलं की लोकं तो व्हिडिओ काढून बसत्यात. म्हणत्यात, धरायचं आन् आपटायचं, हेच शिकवत्यात तिथं."

"तुमाला बी तसंच वाटतं?"

तो खाली बघत म्हणाला, "मला काय वाटतं त्याला कोण इचारतंय, ताई?"

एकदा माझा दीर मैदानावर आला. उरलेल्या पोरींना चढाई दाखवतो म्हणाला. तो रेषा ओलांडून आत शिरला, तशा पोरी मागे सरकल्या. त्याला धरायला एकही पुढे झाली नाही. तो थोडा वेळ तसाच पुढे-मागे करत राहिला, मग परतला. पोरींना खेळातली भीती मी पाहिली होती. ही तसली नव्हती.

घरी आल्यावर ओट्यावर बसून त्याने विचारलं, "वहिनी, खरं सांगा. मी वाईट खेळाडू व्हतो का?"

"न्हाई भावजी. खेळाडू तुमी चांगलेच व्हता."

तो माझ्याकडे बघत राहिला. आणखी काहीतरी मी बोलेन असं त्याला वाटत असावं. मी शेंगा फोडत राहिले.

खटला अजून जुन्नरच्या कोर्टात चालू आहे. तारखेला तो तोंडाला रुमाल बांधून जातो. एकदा तिथल्या जिन्यात पिकअपवाला समोर आला होता, असं त्याने मला सांगितलं. जबडा जुळलाय, पण वाकडा. दोघेही भिंतीला लागून उभे राहिले, आधी कुणी जावं ते ठरेना. शेवटी पिकअपवाल्याच्या बायकोने नवऱ्याचा हात धरला आणि त्याला खाली नेलं.

मैदानावर आता लग्नसराईत गाड्या लावतात. मी आखलेल्या रेषा चाकांखाली पुसल्या गेल्यात. चुना मी पुन्हा मागवलेला नाही.