एकतिसाव्या किलोमीटरची फुलं

माझी आणि त्याची ओळख झाली ती एका झेंड्यावरून. माझं शिवणाचं दुकान स्टेशनसमोरच्या रस्त्यावर, आणि तो रूळ तपासणारा. रोज पहाटे लांब दांड्याची हातोडी घेऊन सहा किलोमीटर जायचं, सहा यायचं, प्रत्येक जोडावर ठोकायचं आणि आवाज ऐकायचा. खणखणीत आला तर पुढे, बद्द आला तर वाकून बघायचं. गावभर त्याला टकटक म्हणत. तर एक दिवस हा टकटक दोन झेंडे घेऊन दुकानात आला. हिरव्याची कड उसवली आहे, शिवून द्या म्हणाला. हिरवा पार विटलेला, आणि लाल मात्र घडीही न मोडलेला. हा नवा का, असं मी विचारलं. एकोणीस वर्षांचा आहे, उघडायची वेळच आली नाही, असं सांगताना त्याची मान जरा ताठ झाली. मला तो तिथेच आवडला. आता वाटतं, तिथे जरा थांबून विचार करायला हवा होता.

मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते आणि माझी जीभ कात्रीपेक्षा बरी चालते अशी ख्याती होती. आधी एकदा ठरलेलं मोडलं होतं. तो गृहस्थ ‘कळवतो’ म्हणून गेला आणि आजतागायत कळवतोच आहे. तेव्हापासून कुठलाही पुरुष गप्प बसला की मला पुढचा ‘कळवतो’ ऐकू यायचा. माझ्या ताईला हे ठाऊक होतं, म्हणून तिने चार भेटींनंतर दुकानातच टकटकला गाठून सरळ विचारलं, करता का हिच्याशी लग्न? तो म्हणाला, ठीक आहे. त्याचं सगळ्याला तेच उत्तर असायचं.

लग्न नोंदणी कचेरीत करायचं, घरचीच माणसं, हे लगेच ठरलं. माझी सगळी हौस लग्नानंतरच्या चार दिवसांत होती. आमचं स्टेशन रेल्वेच्या हिशोबाने पंचविसाव्या किलोमीटरला. तिथून दहाची गाडी निघते, ती खोऱ्यातून वळणं घेत तळ्याकाठच्या गावापर्यंत जाते. उन्हाळ्यात तो सगळा रस्ता फुलांनी भरतो. रेल्वेने यंदा त्याचं रंगीत पत्रकही काढलं होतं. तेच आपलं मधुचंद्राचं ठिकाण, मी जाहीर करून टाकलं. काम संपलं की तो गिऱ्हाइकांच्या स्टुलावर येऊन बसायचा, मी कापडाचा नमुना काढायचा खाकी कागद पसरायची आणि खडूने रूळ आखायची. सव्विसाव्या किलोमीटरला डाव्या हाताला पिवळी, तो सांगायचा. अठ्ठाविसाव्याला जांभळी, पण ती बुटकी, खिडकी खालपर्यंत उघडायला हवी. एकोणतिसाव्याला पूल आला की उजवीकडे पळायचं. इतकी वर्षं तिथून पायी गेलेला माणूस, गाडीत बसून तो रस्ता त्याने कधी पाहिलाच नव्हता. बोलता बोलता कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. लाजऱ्या माणसाने किलोमीटरच्या हिशोबाने फुलं सांगावीत, याहून गोड बोलणं मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

तिसाव्यापर्यंत आलो आणि मी त्याच्यापुढे पत्रक धरलं. एकतिसावा किलोमीटर म्हणजे डोंगर कापून केलेली खिंड. फोटोत तिचा एक उतार वरपासून खालपर्यंत पांढऱ्या फुलांनी माखला होता. इथे गाडी आली की आपण दोघांनी खिडकीत बसायचं, मी म्हणाले. त्याने फोटो पाहिला आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. तिथे विशेष काही नाही, असं पुटपुटून तो उठला. डबा तसाच विसरून गेला.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. तो यायचा, बसायचा, पण तिसावा किलोमीटर आला की गप्प. आपण बसने जाऊ का, म्हणाला. मग म्हणाला, पुढच्या वर्षी जाऊ. मग म्हणाला, फुलं ओसरली की जाऊ. फुलं बघायला फुलं ओसरल्यावर जायचं म्हणजे जेवायला पंगत उठल्यावर जाण्यासारखं झालं. मी फाडकन तसं बोललेही. पण आतून माझी पाचावर धारण बसली होती. माणूस मागे सरकतोय, हे मला शिवणीच्या टाक्याइतकं स्पष्ट दिसत होतं. दारात सावली पडली की वाटायचं, आता हा ‘कळवतो’ म्हणणार.

लग्नाला तीन दिवस उरले तेव्हा मी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि त्याला म्हटलं, काय असेल ते आत्ता सांगा. तो म्हणाला, “ती पाणचुगली आहे.”

रुळावरची माणसं त्या पांढऱ्या फुलाला पाणचुगली म्हणतात, कारण ते जमिनीखालच्या पाण्याची चुगली करतं. जिथे आत पाणी मुरलेलं असतं तिथेच ते उगवतं. मागच्या वर्षीपर्यंत त्या उतारावर नुसतं वाळकं गवत असायचं. या वर्षी, ऐन उन्हाळ्यात, सगळा उतार पांढरा. म्हणजे डोंगराच्या पोटात पाणी साठलं होतं आणि रूळ त्याच्या पायाशी होते. कुणाला सांगितलं का, मी विचारलं. त्याने इंजिनिअरसाहेबांना सांगितलं होतं. साहेब येऊन बघून गेले, वरची माती कोरडी होती. फुलं आली म्हणून गाड्या थांबवायच्या का, असं म्हणून ते हसले होते.

आता खरं सांगते, कारण इतरांचं सांगायचं तर आपलंही सांगायला हवं. हे ऐकून मी हुश्श केलं. याला माझी भीती वाटत नव्हती, डोंगराची वाटत होती! साहेबांनी पाहिलंय ना, मग झालं तर, असं मीच म्हणाले. तोही म्हणाला, ठीक आहे.

लग्न झालं. दुसऱ्या दिवशी दहाच्या गाडीचं तिकीट. त्याची रजा दहा वाजल्यापासून होती, त्यामुळे सकाळची फेरी त्यालाच करायची होती. फेरी मारून यायचं, स्टेशनमास्तरांच्या खोलीतल्या वहीत ‘मार्ग ठीक’ लिहून सही करायची, कपडे बदलायचे आणि माझ्याशेजारी बसायचं. मी आणि ताई ट्रंक घेऊन फलाटावर उभ्या. नऊला तो रुळांवरून चालत आला, आमच्याकडे न बघता मास्तरांच्या खोलीत गेला आणि बाहेर येईना.

गाडी लागली. लोक चढले. पावणेदहा झाले. काल लग्न झालेली बाई आज फलाटावरून ट्रंकेसकट परत जाणार, हे चित्र मला सगळ्या तपशिलांनिशी दिसलं. मी खोलीच्या दाराशी गेले. तो वहीपुढे बसला होता, पेन उघडं, हात कागदावर टेकलेला. मास्तर समजावत होते की गाडी सुटायची वेळ झाली आहे, रोजची सही आहे, करून टाका. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. नव्या कपड्यांकडे, तिकिटांकडे. मग खाली वाकून त्याने लिहिलं, ‘मार्ग ठीक नाही.’

पुढचा दीड तास गाडीतली माणसं त्याला उद्देशून काय काय बोलली ते लिहिण्यासारखं नाही. साहेब तणतणत आले. रुळांवरून ढकलत न्यायच्या ट्रॉलीवर ते, मास्तर, तो आणि दोन मजूर बसले. मीही चढले. मला अडवायचं कुणाला सुचलं नाही.

एकतिसाव्याला उतरलो. फुलं इतकी सुंदर होती की मी क्षणभर सगळं विसरले. वारा अगदी पडला होता, तरी ती हलत होती, की माझे डोळेच हलत होते, देव जाणे. टकटकरावांना लग्न चढलंय, असं म्हणून साहेब हसले. त्याने मजुराच्या हातातली पहार घेतली, उताराला टेकवली आणि नुसती ढकलली. ठोका नाही, जोर नाही. तीन हात लांब पहार मुठीपर्यंत आत गेली. बाहेर काढली तशी आधी कुणीतरी श्वास सोडावा तसा आवाज आला आणि मग बोटाएवढी गढूळ धार.

साहेबांचा आवाज एकदम खाली आला. जणू डोंगराला ऐकू जाईल. “सगळे मागे चला. सावकाश.” ट्रॉली तिथेच सोडून आम्ही जीव मुठीत धरून चालत निघालो. वळण येईपर्यंत कुणी खोकलंसुद्धा नाही. वळणापलीकडे गेल्यावर साहेब म्हणाले, अजून एक गाडी निभली असती, फार तर दोन.

मार्ग बंद झाला. भर दुपारी आम्ही ट्रंकेच्या दोन कड्या दोघांनी धरून घरी निघालो. मला त्याचा अभिमान वाटत होता. मी म्हणाले, “आजच दिसलं म्हणून बरं.”

“आज नाही दिसलं,” तो म्हणाला. “चाळीस दिवस झाले. साहेब बघून गेल्यावर मी पहार घालून पाहिली, तेव्हा वीतभर गेली. मग रोज थोडी जास्त.”

“आणि रोज ‘ठीक’ लिहीत होतात?”

“साहेबांनी पाहिलं होतं. पुन्हा कसं बोलायचं? एकोणीस वर्षांत मी गाडी थांबवली नव्हती. रोज वाटायचं, आजचा दिवस निघून जाईल.”

“मग आज?”

“आज तू बसणार होतीस.”

बायकोला सांगावं असं त्याच्याकडचं सगळ्यात मोठं तेच होतं, आणि त्याने ते जीव ओतून सांगितलं. मला ट्रंकेची कडी सोडून पळून जावंसं वाटलं. पळाले नाही. चांगला माणूस आहे तो, मला जपतो, अजून लाजतो. पण संध्याकाळी घरी येऊन तो ‘सगळं ठीक’ म्हणाला की मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहते, आणि मला भीती वाटते.

दुकानात येणाऱ्या बायका म्हणतात, नवऱ्याने तुझ्यासाठी गाडी थांबवली, नशीब काढलंस. सगळ्यांत जास्त कौतुक ताईला. ती हे जो भेटेल त्याला सांगत असते. ताई दर गुरुवारी दहाच्या गाडीने खोऱ्यापलीकडे सासूला भेटायला जायची. त्या चाळीस दिवसांत सहा गुरुवार येतात. मी कॅलेंडर काढून मोजले. ताईला अजून सांगितलेलं नाही.