दिल्ली ते लंडन, चार तास

"या फॉर्मवर मी सही करणार नाही," मी म्हणाले.

समोर गांधीबागेतला एक कापड दुकानदार बसला होता. शेजारी त्याचे वडील, उमरेडचे जुने विणकर. नाकाला नळी, मांडीवर हवेतून ऑक्सिजन काढून देणारं छोटं मशीन. बापलेक परवा लंडनला निघाले होते. तिथल्या मुलीला म्हाताऱ्यानं सहा वर्षांत पाहिलं नव्हतं.

धरमपेठेतल्या या ट्रॅव्हल ऑफिसात मी बावीस वर्षं तिकिटं काढतेय. असं मशीन विमानात न्यायचं तर एअरलाइनचा फॉर्म भरावा लागतो, आणि हिशेब तपासला म्हणून खाली आमची सही लागते. उड्डाणाला लागेल त्याच्या दीडपट वेळ पुरतील इतक्या बॅटऱ्या हव्यात. सीटजवळचा प्लग हिशेबात धरायचा नाही. मुलानं लिहिलं होतं : प्रवास चार तास, बॅटऱ्या दोन, प्रत्येकी तीन तासांच्या.

"तिकिटावरच आहे ना मॅडम. दिल्ली दुपारी अडीच, लंडन साडेसहा."

"ते साडेसहा लंडनचे. तेव्हा आपल्याकडे रात्रीचे बारा वाजतात. साडेनऊ तास झाले. दीडपट म्हणजे सव्वाचौदा. बॅटऱ्या पाच लागतील."

"पाच? त्या मुंबईहून याले आठ दिवस लागतात!"

आवाज ऐकून आमचे साहेब केबिनमधून आले. मोबाइलवर अंतर काढून मलाच शिकवू लागले.

"सहा हजार सातशे किलोमीटर. विमान ताशी नऊशेनं जाते. साडेसात तास! काहून अडवून राहिली वं?"

"ते अंतर पृथ्वीच्या गोळ्यावर दोरा ताणून मोजलेलं आहे, सर. विमान बंद हवाई हद्दी टाळून वळसा घेतं. पश्चिमेकडे जाताना वारा तोंडावर येतो."

"पण दीड-दोन तास तर माणूस झोपूनच काढते!"

मला संताप आला. झोपलेला माणूस श्वास घेत नाही की काय?

"मग सही तुम्ही करा," मी पेन पुढे केलं.

साहेबांनी पेन घेतलं. फॉर्म वाचला. मग पेन खाली ठेवलं.

मुलगा चिडून उठला. "चला बाबा, दुसरीकडं करू. ताई वाट पाहून राहिली."

म्हातारा हलला नाही. दम घेत म्हणाला, "बस खाली. पोरीले भेटाले चाललो मी. भेटल्याबिगर मराले नाही. बाई, आठ दिवसानंतरचं तिकीट काढ."

साहेब केबिनमध्ये परत गेले. मी तिकीट बदलून दिलं.

आठ दिवसांनी बापलेक पाच बॅटऱ्या घेऊन गेले. लंडनवर धुकं होतं, विमान चाळीस मिनिटं वरच फिरत राहिलं. उतरल्यावर म्हाताऱ्यानं मुलीच्या फोनवरून मला फोन केला.

"बाई, चौथी बॅटरी चालू हाये. पोरगी बाजूलेच हाये, रडून राहिली. तुमच्या साहेबाले सांगजा, मी काही झोपलो नाही."

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. साहेब समोरच बसले होते.

तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी म्हणजे प्रवास नव्हे. विचारून घ्या, विचारायला काही लागत नाही.