पहिल्या वर्षाचा तारा

वसुमती वाघचौरे कोण होती, असं आमच्या मंडळीत आज कुणाला विचारलंत तर माणसं आधी घसा खाकरतात, मग म्हणतात, "बिचारी." मला त्या शब्दाची चीड आहे. बिचारी कसली? चांगली फटकळ बाई होती. चहात साखर कमी पडली तर यजमानणीच्या तोंडावर सांगायची. आमच्या भागातल्या, म्हणजे लिंगराजपुरातल्या, निम्म्या बायकांचे ब्लाउज तिच्या हातचे, आणि माप घेताना "अक्का, जरा भात कमी करा" असं सांगायलाही ती कचरायची नाही. तिची गोष्ट मीच सांगते, दुसरं कुणी सांगणार नाही.

मंडळी म्हणजे आमची मराठी ख्रिस्ती माणसं. कुणी मिरजेकडची, कुणी बेळगावकडची, कामधंद्यापायी बंगळुरात येऊन राहिलेली. आमचं स्वतःचं देऊळ नाही. कानडी लोकांची उपासना आटोपली की दुपारी तासभर त्यांच्या चर्चमध्ये आम्हाला जागा मिळते. तेवढ्या तासात आमचं मराठी गाणं, मराठी प्रार्थना, आणि मग पायऱ्यांवर उभं राहून मराठीत भांडणं. बाकी आठवडाभर कानडी, तमिळ, जे समोर येईल ते. मी इथेच जन्मले, मला त्याचं काही नाही. पण वसुमती मिरजेहून लग्न होऊन आली, तिला कानडी कधी धड जमलंच नाही. 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, एवढ्यावर तिने वीस-एक वर्षं भाजी आणली. तिला माणसं म्हणाल तर ही मंडळीच.

तिचा नवरा रत्नाकर बॉयलर बसवायचं काम करायचा. महिनोन्महिने बाहेरगावी. शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात तो घरी आला तो अंथरुणालाच खिळला. कोणता रोग ते दवाखान्यात कळलं. टीव्हीवर ज्याची जाहिरात लागली की लोक आवाज कमी करायचे, तो. त्याला तो कसा लागला हे मी वसुमतीला विचारलं नाही, तुम्हीही मला विचारू नका. त्या दवाखान्यात त्याचं जेवणाचं ताट दाराशी ठेवून पायाने आत सरकवायचे. हे मी डोळ्यांनी बघितलंय. एवढा धिप्पाड माणूस, शेवटी शेवटी उशीवर नुसते डोळे दिसायचे.

तो गेला तेव्हा दवाखान्याने शवपेटी बंद करूनच दिली. आमच्यात मातीच्या आधी चेहरा बघतात, प्रत्येकजण पुढे होऊन फूल ठेवतो. त्या दिवशी पेटी उघडा असं कुणी म्हणालं नाही आणि फुलं लांबूनच पडली. तेवढ्यावरून वसुमतीला सगळं कळून चुकलं.

मग एकेक गोष्ट सुरू झाली. गिऱ्हाइकं आपापलं कापड परत न्यायला लागली, तेही न बेतलेलं. "सध्या तुम्ही विश्रांती घ्या हं," असं गोड बोलून. प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेतल्या द्राक्षारसाचा, पेला आमच्यात एकच असतो, रांगेने सगळे त्यातून पितात. वसुमती नेहमी शेवटी उभी असायची. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. ती जिथे उभी राहील तिथून माणसं पुढे सरकायची आणि रांगच तशी लागायची. दोन महिने तिने ते सोसलं, मग यायचीच बंद झाली. त्यावर काय बोलले लोक? "बरं झालं, तिलाही दगदग नको." अरे वा! दगदगीची केवढी काळजी!

मी जायची तिच्याकडे. त्यात काही मोठेपणा नाही, आमचं घर दोन गल्ल्या सोडून. तिचीही तपासणी झाली होती. निकाल तिने मला एका वाक्यात सांगितला आणि लगेच दुधाच्या भावाबद्दल बोलायला लागली. त्या रोगाला तेव्हा आमच्यासारख्यांच्या आवाक्यातलं औषध नव्हतं. पोर नाही, बाळ नाही. मिरजेला भाऊ होता, त्याने येऊ नकोस म्हणून फोनवर सांगितलं. अंग दिवसेंदिवस झडत चाललेलं. एकदा मी म्हटलं, "मी येते ना गं." तर म्हणाली, "तुम्ही येता चंपाक्का, पण मंडळी येत नाही." मला राग आला, खोटं का बोलू? मी काय हवेतून आले होते? पण तिचं बरोबर होतं. एकीने चोरून डबा आणून देणं वेगळं आणि आपल्या माणसांनी पेटी-तबला घेऊन दारात येणं वेगळं.

नाताळाच्या आधीचे चार रविवार आमच्यात आगमनकाळ म्हणून पाळतात. प्रभू येणार म्हणून वाट बघायचे दिवस. घरोघरी कागदी तारा लागतो, आत दिवा सोडलेला. मग एका संध्याकाळी गाणारी मंडळी घराघरात फिरते. जिथे तारा दिसेल तिथे आत जायचं, गायचं, प्रार्थना करायची, फराळ खायचा, मगच उठायचं. आणि ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलंय तिथे तारा लागत नाही. त्या घरावरून जाताना पेटी बंद, तबला बंद, सगळे मुकाट्याने पुढे. दुःखाचा मान म्हणून.

पहिल्या रविवारी उपासना झाल्यावर घरं ठरवायला बसलो. सेक्रेटरी अजिंक्य, पुण्याहून कॉम्प्युटर कंपनीत आलेला, इंदिरानगरला राहणारा. सगळी घरं घेतली, वसुमतीचं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "अ‍ॅक्च्युअली काकू, तिथे दुःख आहे ना या वर्षी. आपण रिस्पेक्ट द्यायला पाहिजे." काय रिस्पेक्ट उतू चालला होता! सहा महिने ज्याने तिच्या गल्लीत पाऊल टाकलं नाही, त्याला आता तिचं दुःख आठवलं. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. पण माझं तोंड उघडायच्या आत आमच्या सासूबाई बोलल्या. सासूबाई म्हणजे कृष्णाबाई, मंडळीत वयाने सगळ्यात मोठ्या. रीतभात म्हटलं की त्यांचा शब्द शेवटचा. त्या म्हणाल्या, "पहिल्या वर्षी तारा नाही, गाणं नाही. विषय संपला." अजिंक्यचा चेहरा असा मोकळा झाला की विचारू नका.

मी तशीच तणतणत वसुमतीकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. ती मशीनवर बसली होती, मशीन बंद. मशीनवरची धूळ पदराने पुसली. मग म्हणाली, "दुःखाचं घर म्हणून येत नाहीत ना? मग मला एक तारा आणून द्या."

"वेड लागलं का गं तुला? वर्ष कुठे झालंय?"

"नाही झालं. पण मला पुढचा नाताळ नाही, अक्का. तारा असला की आत यावंच लागतं ना? एकदा येऊ देत. मग मला काही म्हणणं नाही."

इथल्या शिवाजीनगरच्या मार्केटातून तारा आणला, लाल-पिवळा. स्टुलावर चढून तिच्या दाराच्या चौकटीवर मीच बांधला. दिवा लावला तशी ती अंगणात जाऊन बघून आली. रस्त्यावरून दिसतो का म्हणून.

दिसला की! दुसऱ्या दिवशी मंडळीभर झालं. नवऱ्याची माती वाळली नाही आणि बाई सण करते. नटवी आहे. म्हणून तर ही वेळ आली, इथपर्यंत मजल गेली. घरी सासूबाईंनी तर आकाशपाताळ एक केलं. "लाज सोडली त्या बाईने! रत्नाकरची आई असती तर जीव दिला असता." तीन दिवस हेच. आमचे हे, पुरुषोत्तम, मंडळीत पेटी वाजवतात. मी त्यांना म्हटलं, "तुमच्या आईला सांगा काहीतरी." ते म्हणाले, "तूच सांग." म्हणजे कुणीच सांगितलं नाही.

वसुमतीने करंज्या करायला घेतल्या. नारळ, रवा मी नेऊन दिला. बसून बसून करायची, चार लाटल्या की भिंतीला टेकायची. मी मदतीला हात पुढे केला तर नको म्हणाली. "उद्या कुणी म्हणेल चंपाक्काच्या हातच्या आहेत, म्हणून खाल्ल्या." इतका हट्ट मी आयुष्यात पाहिला नाही.

गाण्याच्या दिवशी सासूबाईही निघाल्या. थंडी होती, नका येऊ म्हटलं, पण ऐकतील तर शपथ. सात-साडेसातला आम्ही वसुमतीच्या गल्लीच्या तोंडाशी आलो. तारा लखलखीत दिसत होता. सगळ्यांचे पाय मंदावले. अजिंक्य हळूच म्हणाला, "आपण इथूनच एक गाणं म्हणू या. रोडवरून. म्हणजे तिलाही बरं वाटेल." माना डोलल्या. गेटच्या बाहेर कोंडाळं करून उभं राहून एक कडवं म्हटलं, तेही घाईघाईत, गाडी सुटत असल्यासारखं.

दारात वसुमती उभी. इस्त्रीची साडी, वेणी घातलेली. मागे खोलीत तिने खुर्च्या मांडल्या होत्या, शेजारणीकडून मागून आणलेल्या. त्या रिकाम्या खुर्च्या रस्त्यावरून दिसत होत्या.

ती आत गेली, करंज्यांचं ताट घेऊन बाहेर आली, एकेक पाऊल टाकत गेटपर्यंत आली. ताट पुढे धरलं. कुणी हात पुढे करेना. "आधीच्या घरी फारच झालं हो," एक बाई म्हणाली. अजिंक्य घड्याळ बघायला लागला. करंज्या ताटात वाजत होत्या. मला राहवेना, मी हात घातला. तर तिने ताट मागे घेतलं. "तुम्ही नको, अक्का," म्हणाली. "तुम्ही रोज येता."

देवा रे, मला वाटलं धरणी दुभंगावी आणि या सगळ्यांना पोटात घ्यावं, मला धरून.

तेवढ्यात माझ्या पाठीत काठी टोचली. "सरक," सासूबाई म्हणाल्या. "गेट उघडा कुणीतरी. आत न जाता गाऊन परत फिरायचं? तारा लावलाय तिने. दिसत नाही?"

"आजी, रिस्क आहे," अजिंक्य पुटपुटला.

"भ्या मलाही वाटतंय रे. म्हणून काय दारातून परत जायचं?"

आणि म्हातारी काठी टेकत आत गेली. आई गेली म्हटल्यावर आमचे हे पेटी घेऊन मागोमाग. तबलेवाला पेटीच्या मागे. मी, आणखी दोघी-तिघी. बाकीचे रस्त्यावरच राहिले. त्यांना मी आजही ओळखते.

आत गाणं झालं, तीन कडवी, पुरती. प्रार्थना झाली. सासूबाईंनी करंजी उचलली, दात नव्हते, हिरड्यांनी चघळून चघळून संपवली. सगळे त्यांच्याकडे बघत होतो.

"सारण कोरडं झालंय," त्या म्हणाल्या.

वसुमतीने मान हलवली.

"आणि काय गं ए, पहिल्या वर्षी तारा लावतात? कुणी शिकवलं तुला? नवरा गेलाय की नाही तुझा? मंडळीची काही रीत आहे की नाही? कुणाला विचारलंस? आणि उपासनेला का येत नाहीस? पाय मोडलेत?"

मी सासूबाईंचा पदर ओढला. आता बास म्हटलं, मरायला टेकलीय ती. पण वसुमती त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली होती आणि ढसाढसा रडत होती, आणि रडता रडता हसत होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रत्नाकर गेल्यापासून तिच्याशी कुणी वरच्या आवाजात बोललं नव्हतं. सगळे गोड. सगळे हळू. सगळे लांबून. ज्या बाईचा जन्म बोलण्यात आणि बोलून घेण्यात गेला, तिला सहा महिन्यांत एकानेही साधं झापलं नव्हतं.

"रडतेस काय? चूक ती चूक," सासूबाई म्हणाल्या. "येत्या रविवारी माझ्या शेजारी येऊन बसायचं. कळलं?"

बाहेरून कुणीतरी हाका मारत होतं, चला, उशीर होतोय. वसुमतीने सासूबाईंच्या गुडघ्यावर डोकं टेकलं.

"अजून बोला ना, मावशी," ती म्हणाली. "अजून बोला."

आणि आमच्या म्हातारीला ते काय सांगायला पाहिजे? ती बोलत राहिली.