नदीपलीकडची परभणी

बाबा उन्हाळ्यात आमच्याकडे राहायला आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "तुम्ही राहता टोरोंटोत, मग पत्त्यात नॉर्थ यॉर्क का लिहिता?"

एवढी वर्षं या कॉन्डोत राहून मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवत असत, त्यामुळे त्यांना असलं काही दिसलं की चैन पडत नाही. शेवटी लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांना मी विचारलं. ते म्हणाले, नॉर्थ यॉर्क पूर्वी वेगळं शहर होतं, त्याला स्वतःचा महापौर होता. एकोणीसशे अठ्ठ्याण्णवमध्ये ते टोरोंटोत विलीन झालं. "मी मात्र अजून नॉर्थ यॉर्कलाच राहतो," असंही ते वर म्हणाले. मी ते बाबांना मराठीत सांगितलं.

"अरे, त्याच वर्षी तं आपला वाशीम जिल्हा झाला," बाबा म्हणाले. मग घरी येईपर्यंत आणि नंतर चहा संपेपर्यंत ते मला वाशीमचं सांगत राहिले. इंग्रजांनी वाशीमचा जिल्हा केला होता, पुढे तो मोडून अकोल्यात घातला आणि कितीतरी वर्षांनी तो पुन्हा वेगळा झाला. हे सगळं त्यांनी मला शाळेत असताना शिकवलंच असणार. तेव्हा मी लक्ष दिलं नसावं.

त्या महिन्यात आमच्या आंबेडकरी मंडळाचा कौटुंबिक मेळावा होता. मुलांसाठी काय करायचं, यावर चर्चा चालली असताना मी बाबांचं नाव पुढे केलं. मेळाव्याच्या सकाळी आम्ही शाळेच्या जिममध्ये लवकर गेलो. इथून दोन तासांवरच्या, इकडच्याच लंडनच्या युनिव्हर्सिटीत शिकणारा माझा धाकटा भाऊ आदल्या दिवशीच बसने आला होता. बाबा खुर्चीवर बसून सांगायचे, आणि तो व मी गुडघ्यांवर बसून रंगीत टेपने जमिनीवर महाराष्ट्र काढायचो. सगळ्यात सोपी कोकणची किनारपट्टी गेली. विदर्भ-मराठवाड्याच्या हद्दी मात्र इतक्या वाकड्यातिकड्या, की दोनदा टेप उपटून पुन्हा लावावी लागली.

जेवणाआधी सगळ्यांना सांगितलं, आपापल्या जन्माच्या जिल्ह्यात उभे राहा. मुंबई, पुणे, नागपूर लगेच भरले. बाबा अकोल्यात जाऊन उभे राहिले, त्यांच्या शेजारी मी. भाऊ खालच्या चौकोनात, वाशीममध्ये.

माझी आठ वर्षांची मुलगी आमच्याकडे पाहत होती. तिनं भावाला विचारलं, "मामा, यू वर बॉर्न इन द सेम हाऊस, राइट?"

"हो, त्याच घरात."

"सो हू मूव्ह्ड?"

"कोणीच नाही," भाऊ म्हणाला. "रेषा हलली."

ते तिला पटलं नाही. रेषा कोण हलवतं, लोकांना विचारून हलवतात का, रेषेवरच कुणाचं घर आलं तर बेडरूम कुठल्या जिल्ह्यात, असे तिचे प्रश्न सुरू झाले. बाबा खूश झाले. त्यांनी तिचा हात धरला आणि तिला वाशीमच्या दक्षिणेकडच्या हद्दीवर नेलं. "ही बघ, ही पैनगंगा. आपलं गाव इथं काठावर. पूर्वी नदीच्या या बाजूला इंग्रजांचं राज्य आणि त्या बाजूला निजामाचं."

त्या बाजूला दोन पावलांवर परभणीच्या ताई उभ्या होत्या. मंडळात आमची नऊ-दहा वर्षांची ओळख. त्या एका बँकेत काम करतात. माझ्या बाळंतपणात त्यांनी मला महिनाभर डबा दिला होता. मी त्यांच्यासाठी अकोल्याची आणि त्या माझ्यासाठी परभणीच्या. तुझा विदर्भ, माझा मराठवाडा म्हणत आम्ही ठेच्यावरून भांडायचोसुद्धा.

"काका, मी परभणीत उभी आहे खरी," त्या म्हणाल्या, "पण आमचं गाव आता हिंगोलीत गेलंय. सेनगाव तालुका."

"मग वर या की. हिंगोली इथं आहे," बाबा म्हणाले. "गाव कोणतं?"

ताईंनी नाव सांगितलं. बाबा वाकून पैनगंगेच्या टेपकडे पाहू लागले. मग म्हणाले, "अवं माय, ते तं आमच्या डोहापलीकडचं गाव. उन्हाळ्यात तुमची माणसं पाण्यातून चालत आमच्या बाजाराला येत."

ताईंनी आमच्या गावाचं नाव विचारलं आणि ऐकताच खाली हिंगोलीच्या चौकोनात बसल्या. "मी आईचं बोट धरून आलेय त्या बाजाराला," त्या म्हणाल्या. "तुमच्या विहाराचा निळा झेंडा आमच्या घरून दिसायचा."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. लहानपणी आम्ही नदीच्या दोन काठांवर असणार, कदाचित एकाच वेळी. आणि इथं इतकी वर्षं एकमेकींच्या घरी जेवत होतो, पण जिल्ह्यापुढं गावाचं नाव विचारायचं दोघींनाही सुचलं नव्हतं. टोरोंटोत गावाचं नाव घेऊन कुणाला काय कळणार, म्हणून दोघीही मोठं नाव सांगत राहिलो. तेही आमच्या लहानपणचं, आता आमच्या गावांना लागूही न पडणारं.

पुढच्या रविवारी सकाळी ताई आमच्याकडे आल्या. तिकडे संध्याकाळ होती. त्यांनी स्पीकरवर गावी भावाला फोन लावला आणि ही बातमी सांगितली. बाबांनी आमच्या चुलतभावाचं नाव घेऊन विचारलं, त्याला ओळखता का?

"त्याला?" ताईंचा भाऊ म्हणाला. "आमच्या शेतातली मोटार तोच दुरुस्त करतो. काल दुपारी जेवून गेला इथून."

ताई माझ्याकडे पाहून हसायला लागल्या. बाबांनी फोन हातात घेतला आणि पहिलं हेच विचारलं की डोहाजवळ आता पूल झालाय, तर त्याची पाटी कोणत्या जिल्ह्यानं लावली आहे.